योगासनांचे पहिले चौदा आठवडे: ओटा, घोंगडं आणि दाराची चौकट

दसऱ्याला सुरू केलं, आज चौदावा आठवडा संपला. वहीत रोज दोन ओळी लिहायची सवय ठेवली होती, त्यातूनच हे लिहितेय, कारण माझ्यासारखंच चाळिशीनंतर शून्यापासून सुरू केलेले इथे बरेचजण आहेत आणि मला सुरुवातीला जे कोणी सांगायला हवं होतं ते इथे सांगता येईल असं वाटतंय.

आधी माझी सुरुवात कुठून ते. वय ४४, साताऱ्यात राहते, अकाउंट्सचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. संध्याकाळी कंबर भरून यायची. पायांवर सरळ उभं राहून खाली वाकलं की हात जेमतेम नडगीच्या मध्यापर्यंत जायचे, मांडीमागच्या शिरा अशा ताणायच्या की श्वास अडकायचा. आठवड्यातून दोन दिवस सकाळी ६ चा क्लास आणि उरलेले दिवस घरी २५-३० मिनिटं असं ठरवलं. आमच्या बाई पुण्यात अय्यंगार पद्धत शिकून आल्यात, त्यामुळे क्लासमध्ये खुर्च्या, लाकडी ब्रिक, बेल्ट, लोड, भिंतीतल्या दोऱ्या, सगळं आहे. या पद्धतीचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि १९७५ ला तिथली संस्था उभी राहिली हे मला ऐकून माहीत होतं, पण ही साधनं नेमकी कशासाठी ते स्वतः वापरेपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं ती आजारी माणसांसाठी असतात.

पहिल्या दोन आठवड्यांत दोनच गोष्टी शिकले, ताडासन (ताठ उभं राहणं) आणि दंडासन (पाय समोर पसरून ताठ बसणं). मी जाडजूड १० मिमी ची मॅट घेतली होती, मऊ लागते म्हणून, आणि तिच्यावर उभं राहिलं की घोटे डुगडुगायचे. बाई म्हणाल्या, उभ्याची आसनं फरशीवर करा, अनवाणी. फरक लगेच कळतो, टाचेवर वजन किती, अंगठ्याच्या मुळाशी किती, ते फरशीवर जाणवतं, फोमवर नाही. नवीन घेणाऱ्यांनी पातळ, न घसरणारी मॅट घ्यावी असं माझं ठाम मत झालंय.

दुसरी गोष्ट म्हणजे "गुडघ्याच्या वाट्या वर ओढा". क्लासमध्ये हे वाक्य तासात वीस वेळा ऐकू येतं आणि मला पहिले आठ-दहा दिवस त्याचा अर्थच लागला नाही. मग घरी पाय पसरून बसले, वाटीवर बोट ठेवलं आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा प्रयत्न केला, उजवी वाटी सरकली, डावी हललीच नाही. डावी हलायला अजून चार दिवस लागले. पण ज्या दिवशी हलली त्या दिवसापासून उभं राहणंच बदललं, पाय खरंच मला धरून ठेवतायत असं वाटायला लागलं.

मग दिवाळी आली, नऊ दिवस खंड पडला, आणि खंडानंतर मी जी घाई केली ती या सगळ्या लॉगमधली सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे म्हणून नीट सांगते. राहिलेलं भरून काढायचं म्हणून रोज उत्तानासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकून, बोटं जमिनीला टेकवायचीच असा हट्ट धरला. पाठ गोल होत होती, मान लोंबत होती, पण बोटं आणि जमीन यातलं अंतर मी पट्टीने मोजत होते आणि ते कमी होत होतं, २४ सेंटीमीटरवरून १५ वर आलं, म्हणून खूश होते. पाचव्या आठवड्यात उजव्या बाजूला बसायच्या हाडाशी दुखायला लागलं. मांडीच्या मध्ये नाही, अगदी वर, खुर्चीत बसलं की टोचेल अशा जागी. बाईंनी जागा विचारली आणि लगेच सांगितलं की मांडीमागचे स्नायू तिथेच हाडाला जोडलेले असतात, ताण स्नायूच्या पोटात यायला हवा, जोडणीवर यायला नको. तीन आठवडे खाली वाकणं बंद. वाकावंच लागलं तर गुडघे वाकवून.

त्या तीन आठवड्यांत खरं शिकणं झालं.

बाईंनी समजावलं ते असं: मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की ते बसायच्या हाडांना खाली धरून ठेवतात, ओटीपोटाचं हाड पुढे कलतच नाही, मग वाकायचं कुठून, तर कंबरेतून. म्हणजे मी ज्याला प्रगती समजून पट्टीने मोजत होते ते कंबरेचं वाकणं होतं, खुब्याचं नव्हतंच. आणि माझी तक्रारच मुळात कंबरेची. त्या दिवशी घरी आल्यावर पट्टी ठेवून दिली.

त्याऐवजी काय केलं: स्वयंपाकघरातला ओटा. दोन्ही तळवे ओट्यावर, मग एकेक पाऊल मागे जात जायचं, पाय आणि धड यांचा काटकोन होईपर्यंत, कान दंडांच्या मध्ये, पाठ सपाट. पाठ गोल व्हायला लागली की गुडघे थोडे सैल सोडायचे, कणा सोडायचा नाही. दुखणाऱ्या बाजूला जरा जरी टोचलं की लगेच पुढे यायचं. सकाळी चहाचं आधण उकळेपर्यंत ३० सेकंदांचे तीन वेळा होतात. (घरच्यांना आता सवय झालीय, ओटा मोकळा ठेवतात.) दंडासनात बसताना खाली घोंगडं, चार घड्या घालून. नुसत्या फरशीवर मी मागे कलंडत होते, घोंगड्याच्या कडेवर बसल्यावर पहिल्यांदा हात न टेकता कणा ताठ राहिला. ब्लँकेट दबतं, घोंगडं दबत नाही, आमच्याकडे ते घरात होतंच.

तिसरी गोष्ट दाराची चौकट, ही सातव्या आठवड्यात दुखणं पूर्ण थांबल्यावर सुरू केली. दारात उताणं झोपायचं, एक पाय चौकटीवर उभा टेकवायचा, दुसरा दारातून पलीकडे लांब सोडायचा, त्याचा गुडघा सरळ. पाठ जमिनीवर असल्यामुळे ती गोल व्हायचा प्रश्नच येत नाही, जो काही ताण येतो तो पायातच येतो. सुरुवातीला चौकटीपासून ३५ सेंटीमीटर लांब झोपावं लागायचं, आता १८ वर आलंय. म्हणजे मोजणं मी सोडलं नाही, मोजायची जागा बदलली. दोन मिनिटं एक पाय, दोन मिनिटं दुसरा, श्वास मोजत. श्वास अडकला तर लांब सरकायचं, एवढाच नियम. पतंजलींचं स्थिरसुखमासनम् हे सूत्र शाळेत पाठ केलं होतं, त्यातलं स्थिर आणि सुख एकाच वेळी कसं असतं ते मला या चौकटीत झोपून कळलं.

आठव्या आठवड्यापासून पुन्हा वाकायला लागले पण आधी ओट्यावरून खुर्चीच्या बैठकीवर, मग अकराव्या आठवड्यात दोन ब्रिक उभ्या ठेवून. त्रिकोणासनातही ब्रिक पावलाच्या बाहेरच्या बाजूला. ब्रिक नसेल तर दोन जाड पुस्तकं एकावर एक बांधा, पण घसरणार नाहीत अशी.

डिसेंबरच्या थंडीत सकाळी अंग लाकडासारखं असायचं, तेच आसन संध्याकाळी सहज व्हायचं. म्हणून घरचा सराव संध्याकाळी ७ ला नेला, फक्त ऑफिसातलं ४ चं खाणं बंद करावं लागलं कारण पोटात अन्न असताना पिळाची आसनं नको होतात. जेवणानंतर चार तास हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे.

शवासनाबद्दल थोडंच लिहिते. पहिला महिना मी ते पाच मिनिटं उगाच पडून राहणं समजत होते. डोक्याखाली घडी केलेली चादर, डोळ्यांवर ओढणी, असं केल्यावर सहाव्या आठवड्यात एकदा जबडा आपोआप सुटला आणि तो दिवसभर आवळलेला असतो हे तेव्हा कळलं. आता ऑफिसात महिनाअखेरीला आकडे जुळत नसले की तिकडे लक्ष जातं.

आणि सूर्यनमस्कार. आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या औंधचे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार रुजवले, आजोबा त्या शाळेतलेच. मी सात-आठ वर्षांची असताना ते अंगणात उघड्या अंगाने नमस्कार घालायचे आणि ॐ मित्राय नमः, ॐ रवये नमः असं एकेक नाव घेऊन पुढे जायचे, मी पायरीवर बसून नावं म्हणायची. नावं सगळी पाठ आहेत, नमस्कार मात्र कधी घातला नाही. बाईंनी बाराव्या आठवड्यापर्यंत थांबवलं, खांदे आणि मनगटं तयार नव्हती म्हणून. मग रोज दोन, या आठवड्यात सहा. मित्राय पासून पूष्णे पर्यंत येते आणि थांबते. सहावा झाल्यावर दम लागतो पण कंबर दुखत नाही, आणि संध्याकाळचं ते भरून येणं गेल्या तीन आठवड्यांत दोनदाच झालंय.

रथसप्तमी अजून अडीच आठवड्यांवर आहे. त्या दिवशी बारा घालायचे आहेत, सगळी नावं घेऊन, भास्कराय पर्यंत. घाई न करता होत असतील तरच, नाहीतर आठ.

एक अडचण आहे ती विचारते. अधोमुख श्वानासनात (तळवे आणि पावलं जमिनीवर, कंबर वर) उजवं मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखतं. बोटं पसरते, तर्जनीचं मूळ दाबते, तेव्हा बरं वाटतं, पण चौथ्या-पाचव्या नमस्काराला हात थकले की वजन पुन्हा तळव्याच्या मागच्या कडेवर जातं. बाईंनी सध्या हात ओट्यावर ठेवून करायला सांगितलंय. तुमच्यापैकी कोणी हातांखाली तिरकी फळी वापरून बघितलीय का, आणि किती दिवसांनी ती काढता आली?