सोलापूरकर चंदीगडात

सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या ट्रॅफिकमध्ये वाढलेल्या माणसाला चंदीगडात पहिल्या दिवशी चुकल्यासारखंच होतं, रस्ते सरळ, चौकाचौकात झाडं, आणि पत्ता विचारला की पेठ नाही, गल्ली नाही, नुसता सेक्टरचा नंबर. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने एकेक सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा आखलाय म्हणे. आई म्हणाली, "सगळे चौक सारखेच दिसतात रे, घरी कसं जातात लोकं?"

कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे विधानसभा, हायकोर्ट, सचिवालयाचा परिसर, बघायला ओळखपत्र लागतं, माझं हॉटेलवरच राहिलं, म्हणजे परत रिक्षा अन परत पैसे! पण तिथलं २६ मीटर उंच उघड्या हाताचं शिल्प, तो हात बघितला अन चिडचिड गेली, वाऱ्याने फिरतो तो.

खरी मजा मात्र रॉक गार्डनला. नेक चंद नावाचे सरकारी रोड इन्स्पेक्टर, १९५७ पासून गुपचूप भंगार गोळा करून जंगलात बाग करत बसले, १९७६ ला ती सगळ्यांसाठी उघडली. फुटक्या बांगड्यांच्या बायका अशा रांगेत उभ्या आहेत, हिरवा चुडा, लाल चुडा, जणू हळदीकुंकवाला आल्यात. आई तिथून हलेचना.

संध्याकाळी सुखना तलावावर बसून डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. तलाव सुंदरच, १९५८ साली बांध घालून केलेला, पण आमच्या सोलापूरच्या तलावासारखं मध्ये सिद्धेश्वराचं देऊळ नाही ना, त्यामुळे आईला जरा रिकामाच वाटला.