डायरीतला अर्धा तास

पाळणाघरात काम करायला लागून मला १२ वर्षं होतील आता, पण ती एक संध्याकाळ आठवली की अजून पोटात गोळा येतो.

आमच्याकडे २२ महिन्यांचा एक मुलगा यायचा. दिवसभर नुसता पळत असायचा आणि दुपारी जेवता जेवताच पेंगायचा. त्याच्या आईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ताई याला दुपारी अर्ध्या तासाच्या वर झोपू देऊ नका, रात्री साडेदहापर्यंत जागतो आणि मला पहाटे उठून कामावर जायचं असतं. मी हो म्हटलं. पण त्याला उठवलं की तो असं भोकाड पसरायचा की बाकीची सगळी मुलं जागी व्हायची, आणि खरं सांगायचं तर एवढ्याशा जिवाला गाढ झोपेतनं उठवणं मला पटतच नव्हतं. मग आम्ही त्याला झोपू द्यायचो, दोन तास, कधी अडीच. डायरीत मात्र लिहायचो, झोप ३० मिनिटं.

महिनाभर हे असंच चाललं.

मग एका संध्याकाळी ती त्याला न्यायला आली आणि म्हणाली, ताई डायरीच्या पानांचे फोटो काढू का, डॉक्टरांना दाखवायचेत. त्यांनी म्हणे हिशोब केला होता, रात्रीचे साडेआठ तास आणि दुपारचा अर्धा म्हणजे जेमतेम नऊ, आणि या वयात २४ तासांत मिळून ११ ते १४ तास झोप हवी, त्यामुळे रक्त तपासून घ्या म्हणाले. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. माझ्या हातात ती डायरी, अक्षर माझंच.

त्या दारात आम्ही रोज दोन मिनिटं बोलायचो, ती दमलेली, मी दमलेली, मागे बाकीचे पालक उभे, तिथं खरं बोलणं कधी होतच नाही. मी तिला आत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ गप्प होती, मग एवढंच म्हणाली, जमत नाही असं एकदा म्हणायचं ना, मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?

दोन दिवस मुलाला बाबाच सोडायला आला, एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, मला त्याची दुपार बघायचीये. सुट्टी टाकून ती कोपऱ्यात बसली. तोंडात घास तसाच आणि मान खाली गेलेली, असा तो तिनं पहिल्यांदा पाहिला, आणि हसली. तेव्हा मी जे विचारलं ते खरं तर पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं, की रात्री नक्की काय होतं? तर बाबा घरी यायचाच साडेनऊला, मग खेळ, दंगा, आणि तेवढाच वेळ त्या दोघांना मिळायचा.

मग आम्ही बसून ठरवलं. त्याचं जेवण लवकर करायचं, सव्वाबाराला झोपवायचं, पावणेदोनला पडदे सरकवायचे आणि त्याचा तो उठू द्यायचा. तिकडे बाबानं खेळ सकाळी हलवला. साधारण दोन आठवड्यांनी तो रात्री साडेनऊच्या आसपास झोपायला लागला, रोज नाही, पण बऱ्याचदा. रक्ताचं काय ते त्यांनी डॉक्टरांना खरे आकडे सांगून ठरवलं, मी त्यात पडले नाही, तो माझा प्रांतच नव्हे.

डायरीत आता एक जागा जास्तीची आहे, ‘आज जमलं नाही’ म्हणून, सगळ्याच मुलांसाठी. मध्यंतरी त्याच्या पानावर मी लिहिलं, पावणेतीनपर्यंत झोपला, उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी खाली तिच्या अक्षरात होतं, चालेल ताई, आदल्या रात्री दोनदा उठला होता, मीच सांगायला विसरले.