आंब्याच्या सीझनमधे एका उलट्या स्लॅशचा घोळ

मे महिन्यात देवगडात कोणाला पाणी प्यायला फुरसत नसते आणि नेमका तेव्हाच सकाळी पावणेसातला काकांचा फोन. "रे झिला, कालपर्यंत बरा चलत होता, आज लेबला मोठ्या कागदार येतत, ये बघू." हापूसच्या पेट्यांवरची लेबलं आणि पावत्या काढणारं जावा मधलं छोटं सॉफ्टवेअर मीच लिहून दिलेलं, त्यामुळे कणकवलीहून बाईक काढली आणि नांदगाव तिठ्यावरून थेट पॅकिंग शेडमधे.

एरर कुठेच नाही. लेबल प्रिंटर नुसता गप्प बसून, ऑफिसातल्या साध्या प्रिंटरमधून एकेका पानावर एकेक लेबल येतंय आणि बायका ते कात्रीने कापून पेट्यांवर चिकटवतायत, कारण वाशीचा टेम्पो थांबणार नव्हता. मग डी ड्राइव्ह उघडला तर तिथे एक भलताच फोल्डर, नाव "पावतीप्रिंटर=लेबल". इथे डोक्यात ट्यूब पेटली. सेटिंगची प्रॉपर्टीज फाईल उघडली:

पावती_फोल्डर=डी:\पावती\
प्रिंटर=लेबल

काकांच्या पुतण्याने रात्री फोल्डर बदललेला आणि चांगला शहाणा मुलगा म्हणून शेवटी स्लॅशही दिलेला. आता या फाईलीत ओळीच्या शेवटी उलटा स्लॅश म्हणजे "पुढची ओळ याच ओळीला जोड", आणि मधल्या स्लॅशपुढे ओळखीचं अक्षर नसेल तर तो स्लॅश चक्क गिळला जातो. म्हणजे प्रिंटरची अख्खी ओळ फोल्डरच्या नावात गेली, प्रिंटर सापडला नाही म्हणून विंडोजचा डिफॉल्ट (ठरलेला नेहमीचा) प्रिंटर, आणि तो डिफॉल्टचा शहाणपणा माझाच, तेव्हा पुतण्याला काय बोलणार!

बरं, प्रत्येकाचे नियम वेगळे. या प्रॉपर्टीज फाईलीत कमेंटच्या (प्रोग्राम सोडून देतो अशी टीप) शेवटी स्लॅश असला तरी पुढची ओळ सुरक्षित, पण मेकफाईलमधे (प्रोग्राम कसा बांधायचा त्या सूचनांची फाईल) तीही कमेंटमधे जाते. आणि स्लॅशनंतर चुकून एक स्पेस पडली की जोडणी तुटते, स्क्रीनवर ती दिसतही नाही. मला विचाराल तर ओळी खुशाल जोडा पण जोडलेल्या ओळीत "=" दिसलं तर निदान बोंब तरी मारा.

सुधारणा दोन मिनिटांची, सरळ स्लॅश (/) टाकले, विंडोजवर जावाला ते चालतात. घरी येऊन एक तपासणी घातली: ओळीच्या शेवटी विषम संख्येने उलटे स्लॅश (सम असले तर ओळ जोडली जात नाही) आणि पुढच्या ओळीत "=" असेल तर प्रोग्राम सुरूच होणार नाही, ओळ नंबर दाखवून थांबेल. प्रिंटरचा डिफॉल्ट पण काढून टाकला.

तो विचित्र फोल्डर मात्र अजून तिथेच आहे. सकाळच्या पावत्या त्यात पडल्यात ना, काका म्हणाले, "ता काढू नको, हिशोब आसा तेच्यात."