वीस चौकोन

आईच्या दफनविधीला पाळकांनी बायबलातल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचायला घेतला. रात्री तिचा दिवा मालवत नाही, या वचनाशी ते आले आणि ताई आणि मी एकमेकींकडे बघून फिसकन हसलो. मागच्या बाकांवर लोकांना वाटलं, पोरींना हुंदका आवरला नाही. बरंच झालं. आमच्या आईचा दिवा खरोखरच मालवत नसे, कारण मालवायची तिला आठवणच राहायची नाही. छातीवर पुस्तक उपडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दिवा उजाडेपर्यंत सुरू. बाबा उठून तो बंद करायचे आणि बिल आलं की कुरकुरायचे.

त्याला आता नऊ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात चर्चच्या महिला संघाच्या बाईंचा फोन आला. 'सद्गुणी स्त्री' या विषयावर दहा मिनिटं बोल म्हणाल्या. मी हो म्हणून बसले आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला, कारण ही सद्गुणी स्त्री त्याच एकतिसाव्या अध्यायातली, आणि त्या अध्यायाशी माझं जुनं भांडण आहे.

मी सोळा वर्षांची असताना तरुण संघात आम्हा मुलींना एक छापील कागद वाटला होता. डावीकडे सद्गुणी स्त्रीचे वीस गुण, उजवीकडे वीस रिकामे चौकोन. पहाटे उठते. आळसाची भाकर खात नाही. नवऱ्याचं हित करते. जिभेवर ताबा आहे. प्रामाणिकपणे बरोबरच्या खुणा करा, असं सांगितलं. मुलं त्या वेळी बाहेर मैदानात खेळत होती. मला वीसपैकी सात मिळाले. पण लाज वाटण्यासारखं काम मी त्यानंतर केलं. घरी येऊन त्याच कागदावर, पेनाचा रंग बदलून, आईचं मूल्यमापन केलं.

आई नर्स होती, बहुतेक रात्रपाळीला. पहाटे उठायचा प्रश्नच नव्हता. पहाटे ती घरी यायची, बूट काढून पायांना तेल लावायची आणि अकरापर्यंत गाढ झोपायची. शिवण तिला येत नव्हतं. जिभेवरचा ताबा तर सोडूनच द्या. मी तिला नऊ दिले, आणि दोन गुणांनी ती माझ्या पुढे गेली याचंही मला थोडं वाईट वाटलं.

कागद तिला सापडला. माझ्याच बायबलात होता, कुठे जाणार? तिने तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "हा मुलांना दिलाय का?"

"नाही."

"मग अर्धा वर्ग परीक्षेलाच बसला नाही की," म्हणाली आणि झोपायला गेली.

तेव्हा मला वाटलं, चेष्टेवारी नेतेय. तिचं म्हणणं अध्यायाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे, हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. लमुएल राजाची वचने, त्याच्या आईने त्याला शिकवलेली, अशी त्या अध्यायाची सुरुवात आहे. म्हणजे एक आई आपल्या मुलाला बसवून सांगतेय. मुलीला नाही. दारूपासून जप, गरिबांचा न्याय बुडवू नकोस, आणि मग बाई कशी ओळखावी ते. धडा मुलासाठी होता, आणि तपासणी मात्र मुलींची झाली.

अध्यायाची मूळ भाषा हिब्रू, आणि ती मला येत नाही. शब्दाखाली शब्द दिलेलं एक जाडजूड पुस्तक आणि एक कोश, एवढ्या भांडवलावर गेला आठवडाभर रोज रात्री बसतेय. पण तेवढ्यानेही बरीच पडझड झाली.

मुळात आपण ज्याला 'सद्गुणी' म्हणतो तो शब्द 'हायिल' असा आहे. एशेत हायिल. हायिल म्हणजे बळ, सामर्थ्य, धनदौलत, आणि कितीतरी ठिकाणी चक्क सैन्य. बायबलातल्याच शास्ते पुस्तकात देवदूत गिदोन नावाच्या माणसाला बलवान वीर म्हणून हाक मारतो, तिथे हाच शब्द आहे. पुरुषाला लावला की पराक्रमी, बाईला लावला की सद्गुणी! भाषांतर करणाऱ्यांना मी फार दोष देत नाही. नीतिमत्ताही त्या शब्दाच्या पोटात आहेच. पण सद्गुणी म्हटलं की डोळ्यांसमोर खाली बघणारी बाई येते, आणि या कवितेतली बाई कुठेही खाली बघत नाही.

कविता म्हणते ती कमर बळाने कसते. तिच्या नवऱ्याला लाभाची वाण पडत नाही असं आपण वाचतो, तिथे मुळात 'शालाल' आहे, म्हणजे लढाईतली लूट. ती रात्र असतानाच उठून घरच्यांना अन्न देते, तिथे 'तेरेफ' आहे, आणि तो शब्द एरवी सिंहाच्या शिकारीसाठी येतो. कवीला हे शब्द अपघाताने सुचले असतील असं मला तरी वाटत नाही. त्याने युद्धगीताची भाषा उचलली आणि लोकर, ताग, शेत, द्राक्षमळा यांच्यावर ओतली. ती शेत पाहते, हिशेब करते आणि घेते. नवऱ्याला विचारून घेते असं कुठे लिहिलेलं नाही. कापड विणते आणि व्यापाऱ्याला कमरबंद पुरवते. आणि तिच्या हाताखाली दासी आहेत, त्यांना ती कामं वाटून देते. हे दासींचं वचन मी कुठल्याही प्रवचनात अधोरेखित झालेलं ऐकलं नाही. पहाटे उठण्याचं मात्र शंभरदा ऐकलं.

तर ही बाई रात्री दिवा मालवत नाही आणि उजाडायच्या आत उठते. झोपते कधी? सोळाव्या वर्षी मला हा प्रश्न पडला होता, पण विचारायचं धाडस झालं नव्हतं. त्याचं उत्तर कवितेच्या घडणीतच आहे. दहा ते एकतीस अशी बावीस वचनं, आणि हिब्रू अक्षरंही बावीस. पहिलं वचन आलेफने सुरू होतं, शेवटचं तावने. आपल्याकडे कुणी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत स्तुती रचावी तसं. एका दिवसाचं वेळापत्रक आहे म्हणून वाचलं तर माणूस वेडा होईल. अख्खं आयुष्य मागे वळून पाहिलं आणि अक्षरांच्या माळेत ओवलं, असं वाचलं की श्वास घेता येतो. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस सुरू होताना, ही कविता गातात, आणि पारंपरिक रीत अशी की नवरा ती घरातल्या बाईसाठी गातो. तीच बावीस वचनं. तिथे ती गाण्याची आहेत, आमच्याकडे चौकोनांची झाली.

यातली दोन वचनं मला आता सगळ्यांत जास्त आवडतात. एकोणिसावं आणि विसावं. पहिल्यात तिचे हात चातीकडे जातात आणि तळवे टकळी धरतात. दुसऱ्यात ती तळहात गरिबापुढे उघडते आणि हात गरजवंताकडे पुढे करते. हात, तळवा, तळवा, हात, असा क्रम मुळात आहे. आणि चातीकडे हात पुढे करण्याला जे क्रियापद वापरलंय, तेच गरजवंताकडे हात पुढे करण्याला. कमावणारा आणि देणारा हात एकच. मध्ये कुठे 'दानधर्म' नावाचा वेगळा कप्पा नाही. आई पगाराच्या दिवशी पाकीट उघडायची तेव्हा आधी कुणाचं काय द्यायचंय ते बाजूला काढायची, मग आमची फी. बाबा म्हणायचे, आधी फी. त्यावर वाद व्हायचा. फी दरवेळी गेली, उशिरा गेली.

आता रूथ. 'एशेत हायिल' ही पदवी बायबलात एका हाडामांसाच्या, नाव असलेल्या बाईला एकदाच मिळते, आणि ती या बाईला. रूथच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात शेताचा मालक बवाज तिला म्हणतो, तू अशी स्त्री आहेस हे माझ्या गावच्या सगळ्या लोकांना ठाऊक आहे. त्या क्षणी रूथकडे काय आहे? नवरा मेलेला. मूल नाही. परकी, तीही मवाबी. दुसऱ्याच्या शेतात कापणीमागे राहिलेली कणसं वेचून ती सासूचं पोट भरते. कवितेतल्या बाईसारखी जांभळी वस्त्रं नाहीत, द्राक्षमळा नाही, वेशीत बसणारा नवरा नाही. माझ्या कागदावर तिला पाचसुद्धा मिळाले नसते. कितीतरी जुन्या हिब्रू हस्तलिखितांत नीतिसूत्रे संपलं की लगेच रूथचं पुस्तक येतं. ज्याने कुणी तसा क्रम लावला त्याला, किंवा कुणी सांगावं तिला, नेमकं काय म्हणायचं होतं हे मला समजल्यासारखं वाटतं.

'सौम्य व शांत आत्मा' हे येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रातलं वचनही कागदावर होतं, आणि माझा सगळ्यांत मोठा गोंधळ तिथेच झाला. मी त्याचा अर्थ हळू आवाज असा घेतला. आईचा आवाज वॉर्डाच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून चौकोन रिकामा. पण मराठी बायबल नीट वाचलं असतं तरी पुरलं असतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, प्रभू येशू स्वतःबद्दल म्हणतो की मी मनाचा सौम्य व लीन आहे. मूळ ग्रीकमध्येही तोच शब्द आहे. आणि हा सौम्य माणूस मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग उलथतो. म्हणजे सौम्य असणं हा बायकांसाठी राखून ठेवलेला गुण नाही, आणि त्याचा घशाशी संबंध नाही.

मार्था आणि मरीया या बहिणींबद्दल, येशू घरी आल्यावर एक राबणारी आणि एक ऐकत बसणारी, मी दहा मिनिटांत बोलणार नाही. त्यांच्यावर बोललं की बायका दोन गटांत वाटल्या जातात आणि चहा होईपर्यंत भांडण चालतं.

दुर्कसबद्दल मात्र बोलेन. प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात ती भेटते. ते पुस्तक लिहिणारा लूक तिला शिष्या म्हणतो. त्या शब्दाचं ते स्त्रीलिंगी रूप नव्या करारात तेवढ्या एकाच ठिकाणी आलंय. ती मरण पावते, माडीवरच्या खोलीत तिला ठेवलेलं असतं, पेत्र येतो, आणि विधवा रडत रडत त्याला तिने शिवलेले अंगरखे दाखवतात. तिच्या स्वभावाबद्दल कुणी भाषण करत नाही. हा बघा अंगरखा. हा बघा दुसरा. एकतिसाव्या अध्यायाची शेवटची ओळ आहे ना, तिची कृत्येच वेशीत तिची प्रशंसा करोत, ती इथे प्रत्यक्ष घडतेय असं वाटतं.

आणि वेळ उरला तर कॅथरिना फॉन बोरा. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरची बायको, आधीची मठवासी. 1525 मध्ये लग्न झालं. विटेनबर्गच्या जुन्या मठाचं घर तिने चालवलं. विद्यार्थ्यांना पैसे घेऊन ठेवून घेतलं, बिअर गाळली, जनावरं पाळली, शेती घेतली. लूथर पुस्तकं लिहीत होता तेव्हा हिशेब ती बघत होती. तो गमतीने तिचा उल्लेख पुरुषी 'हेर', म्हणजे साहेब, लावून करायचा. 1542 च्या मृत्युपत्रात त्याने रिवाज मोडून सगळं तिच्या नावावर केलं, आणि 1546 मध्ये तो गेल्यावर कायद्याने ते मानलं नाही. 'तिच्या हातांचे फळ तिला द्या' हे वचन लोकांना भिंतीवर लावायला आवडतं, कचेरीत नाही.

आईचं बायबल आता ताईकडे आहे. परवा तिला सांगितलं, एकतिसाव्याचा फोटो पाठव, आईने कुठे खुणा केल्यात बघू. माझी खात्री होती की रूप व्यर्थ आहे, परमेश्वराचे भय बाळगणारी स्त्री, त्या तिसाव्या वचनाखाली रेघ असणार. सगळ्यांच्या बायबलात तिथेच असते. फोटो आला. दहापासून एकतीसपर्यंत पान कोरं. पेन्सिलीची एकच रेघ, दोनदा ओढलेली, आठव्या वचनाखाली. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी आपलं तोंड उघड.

मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघत होते. बेशुद्ध आणलेल्या, बरोबर कुणी नसलेल्या माणसांशी ती रात्रभर बोलायची, हे तिच्याबरोबर काम केलेल्या एका मावशींनी सांगितलं होतं. आता मी तुमची कूस बदलतेय हं, आता सुई टोचेल थोडी. आणि अशा माणसाकडे बघायला कुणी वेळेवर आलं नाही, की वॉर्डाच्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज. मी ज्याचा गुण कापला होता, तो.

मग सव्विसावं वचन पुन्हा उघडलं. ती तोंड उघडते ते सुज्ञतेने, असं तिथे आहे. आठव्यात मुलाला 'तोंड उघड' सांगितलंय, सव्विसाव्यात बाईने ते उघडलेलं आहे. क्रियापद तेच. कागदावर याचं 'जिभेवर ताबा' झालं होतं.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलाय, निळ्या खुणा फिकट झाल्यात, आईच्या लाल खुणा मात्र तशाच आहेत. शनिवारी बरोबर नेणार आहे. दाखवेन की नाही, ठरलेलं नाही.

दुपारी बाईंना मेसेज केला की विषयाचं नाव 'शूर स्त्री' असं द्याल का. पाच मिनिटांनी उत्तर आलं, दोन जोडलेल्या हातांसकट. छान आहे, पण कार्ड कालच छापून आलीत, 'सद्गुणी'च राहू दे.