लाकडी गॅरेजची लिफ्ट का अडकते?

तुम्ही विचारलंत म्हणून. "पोरासाठी प्लायवूडचं गॅरेज केलं, रॅम्प झकास झाला, पण लिफ्ट मध्येच अडकते. काय चुकलं?" घरी खेळणी बनवणारे हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात.

चूक बहुतेक वेळा कापण्याआधीच झालेली असते. गॅरेज आधी तयार होतं आणि गाडी नंतर आत घालून पाहिली जाते. मुलाच्या खोक्यातली सगळ्यात मोठी गाडी घ्या आणि तिच्यावरून मापं काढा. मुठीत मावणारी धातूची गाडी साधारण 7.5 सेंमी लांब आणि 3 सेंमी रुंद असते. तिला आतून 10 सेंमी लांब आणि 4.5 सेंमी रुंद जागा द्या, कारण गाडीबरोबर मुलाची बोटंही आत जातात.

आता लिफ्ट. बहुतेक जण नुसती सपाट फळी चार दोऱ्यांना टांगतात. गाडी एका टोकाला थांबली की वजन तिकडे जातं, फळी कलते आणि तिची कड भिंतीत रुतते. फळीऐवजी दोन्ही टोकं उघडी असलेला डबा करा: 6 मिमी प्लायचा तळ, छत आणि दोन बाजू, बाहेरून उंची 8 सेंमी. दोरी छताच्या बरोबर मध्यावर एकच. उंच डबा कलायला लागला तरी भिंतीला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी टेकतो, त्यामुळे फार कलत नाही. डबा ज्या उभ्या मनोऱ्यातून वर-खाली जातो, त्याच्या भिंती आणि डबा यांच्यात दोन्हीकडे दीड-दीड मिमी फट हवी. मनोरा जोडताना प्रत्येक कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा. वरच्या टोकाला तो 2 मिमी जरी आवळला गेला, तरी लिफ्ट शेवटच्या मजल्याआधी अडकू शकते.

मे महिन्यात भरभर चालणारी लिफ्ट जुलैत अडकते, ते मात्र पावसाळी दमट हवेमुळे. सागाची पट्टी पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळपास नाही. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्याने ते फुगणं बरंच कमी. म्हणून मनोरा प्लायचाच करा, साग खांबांना वापरा. आतून रंग अजिबात नको. पॉलिश पेपर 220 नंबरचा फिरवा आणि मेणबत्ती घासा.

मनोऱ्याच्या वर दोरी गुंडाळायला 10 मिमीची गोल दांडी आणि तिला हँडल. पहिला मजला 12 सेंमीवर असेल तर चारेक फेऱ्यांत लिफ्ट पोचते, लहान हाताला तेवढं जमतं. हँडल सोडल्यावर डबा धाडकन खाली येऊ नये म्हणून भिंतीत भोक पाडून अडकवायची खुंटी ठेवा.

रॅम्प तुमचा झकास झाला आहे, तरी एकदा मोजा. 12 सेंमी उंचीला 45 सेंमी लांब फळी म्हणजे सुमारे 15 अंश. याहून उभा केला तर गाडी सुसाट सुटते. कडेला 1 सेंमीची पट्टी हवीच.

वॉशिंग सेंटर केलं असेल तर मूल तिथे खरंखुरं पाणी ओतणार, हे धरूनच चाला. तेवढ्या जागी सनमायकाचा तुकडा चिकटवा आणि सांध्यांना पाण्यात टिकणारा डिंक वापरा. साध्या फेविकॉलचा सांधा भिजला की सुटतो.

मूल तीन वर्षांखालचं असेल तर टायरच्या चकत्या, नट आवळायचे सुटे पाने, लोहचुंबक काही नको. चुंबकाचे दोन तुकडे गिळले तर ते आतड्याला आत चिमटतात, तो धोका फार मोठा आहे. रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. 2017 पासून घरगुती रंगात 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आहे. गोदामात पडलेला जुना डबा स्वस्त मिळाला तरी मुलाच्या खेळण्याला लावू नका.

आणि मनोऱ्याचं झाकण चिकटवू नका, दोन स्क्रूंवर बसवा. दोरी दांडीवर घासून झिजते, आणि ती बदलायला हात आत जायला हवा.