खरवस आणि पाच वर्षं

लेक परदेशी शिकायला जायच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द घोकते आहे. घरभर पिवळ्या चिठ्ठ्या. आरशावर, फ्रिजवर, परवा तर मिसळणाच्या डब्यावर. त्या चिठ्ठीवर शब्द होता 'इन्व्हेगल'.

"गोड बोलून, युक्तीने एखाद्याला नको त्या गोष्टीला तयार करणं. आई, ह्याचं एक वाक्य सांग ना."

मी फोडणीत हिंग घालत होते. म्हटलं, "लिही, चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या आईला इन्व्हेगल करून सोसायटीची सेक्रेटरी केलं."

वाक्य पास झालं, पण अर्ध्याच मार्कांनी. तिच्या मते इंग्रजीत ह्या शब्दाच्या पाठोपाठ 'इनटू' हवं. माणूस कशाच्या तरी आत ओढला गेला पाहिजे. 'आउट ऑफ'ही चालतं, पण मग माणसाकडून काहीतरी काढून घ्यायचं. माझ्या बाबतीत दोन्ही झालं होतं. मी कमिटीत ओढली गेले आणि माझ्याकडून होकार काढून घेतला गेला.

हकीकत अशी. ठाण्यात नौपाड्यातली आमची सोसायटी वीस बिऱ्हाडांची. सप्टेंबरात वार्षिक सभा, आणि सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही. सभेच्या आदल्या संध्याकाळी काकू आल्या, हातात स्टीलचा डबा. "सहज आले गं. चीक मिळाला होता, म्हटलं तुझ्यासाठी काढून ठेवावा." डब्यात गुळाचा खरवस. जायफळ घातलेला, सुरीने कापताना किंचित थरथरणारा, वड्यांच्या कडांना पाणी सुटलेलं. पहिली वडी तोंडात असताना त्या म्हणाल्या, "तुझं अक्षर किती सुरेख! नाहीतर आमच्या इतिवृत्ताची वही बघ." दुसऱ्या वडीला "तुझं सगळे ऐकतात." तिसऱ्या वडीला मी काहीच बोलले नाही, कारण तोंड भरलेलं होतं. काकूंनी तो होकार धरला. खरवस दहा मिनिटांत संपला, कमिटीची मुदत पाच वर्षांची आहे.

शब्दाचं कूळ शोधत बसायची मला खोड आहे. 'इन्व्हेगल' इंग्रजीत आला पंधराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रेंचमधून. तिकडे 'अव्हगल' म्हणजे आंधळा, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधलं 'अब ओक्युलिस', डोळ्यांविना. म्हणजे इन्व्हेगल करणं हे मुळात आंधळं करणं. समोरच्याला दिसेनासं करा आणि हवं तिकडे न्या.

इथेच माझं अडलं. मला तर सगळं दिसत होतं! काकू दारात आल्या तेव्हाच डबा दिसला, डब्यामागची सभाही दिसली.

म्हणून मराठीत काय म्हणतात ते आठवायला लागले. लोणी लावणं, मस्का मारणं, मधाचं बोट लावणं, लाडीगोडी, साखरपेरणी, कोपराला गूळ. हा काय शब्दसंग्रह आहे की वाण्याची यादी? एकही डोळ्यापाशी जात नाही, सगळे जिभेपाशी. चढवतात तेही हरभऱ्याच्या झाडावर, जे गुडघ्याच्या वर जेमतेम येतं! आणि चढणाऱ्याला ते दिसत असतं. डोळ्यांत धूळ फेकणं आपल्याकडेही आहे, पण ती सरळ फसवणूक, तिथे पोलीस येतात. 'फूस लावून पळवलं' हे बातमीत. चौथ्या मजल्याला हे शब्द लागू पडत नाहीत. तिथे लावणाऱ्याला ठाऊक असतं, लावून घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि मधे खरवस असतो.

लेकीची पुढची चिठ्ठी 'कोक्स'. (केबलवाल्याच्या कोॲक्सशी ह्याचं नातं नाही, तो बिचारा एका अक्षाभोवतीच्या तारेवरून आला.) हा शब्द निघाला सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत भोळसट माणसाला जे म्हणत त्या शब्दावरून. आधी कुणाला बावळट बनवणं, मग लाड करणं, मग लाडाने राजी करणं. हा मला जास्त जवळचा वाटला, कारण तो यंत्रांनाही चालतो. आमचा पाण्याचा पंप सकाळी सहाला रुसतो तेव्हा वॉचमन त्याच्या अंगावर दोन थापा मारून "चल रे बाबा, चल राजा" म्हणतो आणि बटण पुन्हा दाबतो. तिसऱ्या खेपेला पंप चालू होतो. त्याला इन्व्हेगल नाही करता यायचं, पंपाला कुठे डोळे आहेत?

आता आमच्या खजिनदारांची मुलीकडे पुण्याला जायची गडबड चालली आहे, आणि त्यांच्या जागी माणूस शोधणं सेक्रेटरीच्या गळ्यात. दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना अळूवड्या फार आवडतात, असं काकूंनीच मला सहज सांगितलं.

शनिवारी जांभळी नाक्याच्या बाजारात गेले. एक मावशी पानांवर पाणी मारत बसल्या होत्या. मला बघताच ओरडल्या, "या ताई, या! तुमच्यासाठीच ठेवलीत, बघा कशी काळ्या देठाची!" ह्या बाईंना मी जन्मात पहिल्यांदा भेटत होते. एक जुडी घ्यायला गेले होते, तीन घेऊन आले.