पाहुणी जेवत नाही

२८ जून, इंदूर

संक्रांतीच्या सुमारास चोरलहून येताना अर्जुनाच्या फांदीवरून तोडून आणलेलं ते 'फळ' परवा रात्री फुटलं. फळ नव्हतंच ते. टणक, राखाडी, कोंबडीच्या अंड्यापेक्षा जरा लहान, वर रेशमाचाच देठ आणि तो फांदीला गच्च वेढलेला. टसर रेशमाच्या पतंगाचा कोसा. पुस्तकांच्या कपाटावर ठेवला नि विसरलो. सगळा उन्हाळा आतला जीव झोपून होता. हवा दमट झाली तेव्हा उठला.

उठली म्हणायला हवं. मिशा बारीक, म्हणजे मादी; नराच्या पिसासारख्या रुंद असतात. पिवळसर पंख, पसरले की वितीला थोडे कमी, आणि प्रत्येकावर एक पारदर्शक डोळा. पडद्यावर बसली तर त्या डोळ्यांतून पडद्याची वीण दिसत होती!

कोसा कुरतडलेला नाही. द्राव सोडून टोक भिजवायचं, धागे मऊ करायचे, सारून बाहेर यायचं. कुरतडणार कशाने? खाता येईल असं तोंडच नसतं तिला. अळी असताना पोटात साठवलेल्या शिदोरीवर आठवडाभर काढायचा.

आईला हे पटेना. "वाटीत मधाचं पाणी तरी ठेव." इंदुरात येऊन कुणी उपाशी राहावं, ही तिला घराची नाचक्की वाटते.

तिचं माहेर भंडाऱ्याचं. महालक्ष्म्यांना ती कोशाचीच साडी नेसते, सोवळ्याची म्हणून. तिकडे ढिवर समाजाचे लोक ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतात, मुंग्या-पाखरांपासून राखतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी उगाच शहाणपणा केला: भोक पडलं की सलग धागा निघत नाही, म्हणून आतला पतंग बाहेर येण्याआधीच कोसे उकळतात.

"मला सांगतोस? तो वास अजून नाकात आहे माझ्या."

"मग ते सोवळं कसं गं?"

"तुला भूक लागली असेल. पानं घेते," म्हणाली आणि उठली.

दोन रात्री खिडकी उघडी ठेवली. मादीच्या गंधावर नर लांबून येतात म्हणे, पण आमच्या गल्लीत डासांखेरीज कुणी आलं नाही.

आज सकाळी पडद्यावर मसुराएवढी तपकिरी अंडी चिकटलेली. नराशिवाय घातलेली, फुटायची नाहीत. तसं आईला सांगितलंही. पडदा धुवायला काढू लागलो तर म्हणाली, "आठ-दहा दिवस राहू दे."